बॅकअपकाकांची जोडगोळी

बॅकअपकाकांच्या घरात कुठलीही वस्तू एकटी नसे. बॅटऱ्या दोन, कात्र्या दोन, छत्र्या दोन, आणि वाचायचे चष्मेही दोन, म्हणजे एक हरवला तर तो शोधायला दुसरा लावता यावा. बायको तेवढी एकच होती, आणि त्या बाबतीत काही करता येण्याजोगं नाही हे त्यांनी फार पूर्वी मान्य केलं होतं. विमा कंपनीत आयुष्य काढलेल्या माणसाचं असंच होतं. जगात प्रत्येक गोष्ट एक ना एक दिवस जळणार, बुडणार किंवा चोरीला जाणार, याची त्यांना पक्की खात्री असे; प्रश्न फक्त तारखेचा.

पण बिल्डिंगने त्यांना हे नाव ठेवलं ते छत्र्यांमुळे नव्हे. लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला ते वर पोचेपर्यंत सोडत नसत. "तुमच्या फोटोंची दुसरी प्रत आहे का?" असं अगदी हळू आवाजात विचारत, आणि समोरचा नाही म्हणाला की अशा नजरेने त्याच्याकडे पाहत, की आपण मूल बागेत विसरून आलोय की काय असं त्या बिचाऱ्याला वाटे. बिल्डिंगचे सेक्रेटरी तर यांना टाळण्यासाठी जिना चढत. त्यांची तब्येत त्यामुळे सुधारली, पण त्याचं श्रेय त्यांनी कधी काकांना दिलं नाही.

काकांच्या पुस्तकांच्या कपाटावर एक काळं खोकं घुमत असे. काका त्याला 'सर्व्हर' म्हणत, काकू 'ते घुमणारं' म्हणत. त्यात दोन हार्ड ड्राइव्ह होते. आधी घेतलेला जाडजूड तो थोरला, नंतर घेतलेला सडपातळ तो धाकटा. थोरल्यावर काही लिहिलं की तेच त्याच क्षणी धाकट्यावर उमटायचं. "आरसा आहे आरसा," काका सांगत. "एक गेला तरी दुसरा आहेच." घरातले सगळे फोटो, कागदपत्रं, जुनी गाणी, काकांनी निवृत्तीच्या दिवशी केलेलं भाषण आणि त्या भाषणाचा कच्चा खर्डा, सगळं त्या जोडगोळीच्या पोटात सुखरूप होतं.

आणि एक फिल्म होती. काकांच्या सासऱ्यांनी, म्हणजे काकूंच्या वडिलांनी, नव्या घरात राहायला गेले त्या दिवशी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेली. सासरे त्यात कुठेच दिसत नव्हते, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात होता. पण त्यांचा आवाज होता. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज जगात आणखी कुठेही शिल्लक नव्हता. मूळ कॅसेट? ती काकांनी ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि 'आता ही अडगळ कशाला' म्हणून टाकून दिली. मेहुण्याने फिल्मची एक प्रत मागितली, तर काका म्हणाले, "इथे दोन आहेत की. प्रती गावभर पसरल्या की शिस्त राहत नाही."

सोमवारी काकू म्हणाल्या, "अहो, रविवारी आईचा वाढदिवस आहे. ती इथेच येणार आहे. बाबांची ती फिल्म लावून द्याल ना तिला?"

जुन्या खोक्यावरून ती टीव्हीवर लावायला पाच बोटांपैकी एक बोट पुरलं असतं. पण काकांनी नुकतंच नवं खोकं घेतलं होतं. ते जास्त वेगवान होतं, जास्त शांत होतं, आणि त्याच्या तोंडावर निळा दिवा होता. सासूबाईंच्या वाढदिवशी जुन्या खोक्यावरून फिल्म दाखवणं काकांना पाहुण्यांपुढे चिरा गेलेली कपबशी ठेवण्यासारखं वाटलं. रविवारच्या आत जोडगोळी नव्या घरात हलवायची असं त्यांनी ठरवलं.

शिवाय जुनं खोकं त्यांनी आधीच दान करून टाकलं होतं. बिल्डिंगच्या फाटकावर कॅमेरे बसले होते आणि त्यांचं चित्रण साठवायला कमिटीला काहीतरी हवं होतं. काकांनी सभेत उभं राहून खोकं देऊ केलं, टाळ्या घेतल्या, आणि टाळ्या थांबल्यावर 'चित्रणाचीही दुसरी प्रत ठेवा' यावर थोडं जास्तच बोलले.

मंगळवारी सेक्रेटरी खोकं न्यायला आले. समोरच्या फ्लॅटमधले दातांचे डॉक्टर काही काम नसल्यामुळे बरोबर आले. प्रेक्षक मिळाल्यावर काकांच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी ड्राइव्ह एकेक करून बाहेर काढले, मऊ टॉवेलवर ठेवले आणि दोघांची ओळख करून दिली. डॉक्टरांनी थोरल्याला नमस्कार केला. दोन्ही खोक्यांच्या वायरी काकांनी आदल्या दिवशीच नीटनेटक्या गुंडाळून एकत्र बांधून ठेवल्या होत्या. दोन्हींचे विजेचे ठोकळे सारखेच काळे, पिनाही सारख्याच गोल. त्यांतला एक त्यांनी जुन्या खोक्याबरोबर सेक्रेटरींच्या हवाली केला.

"थांबा," काका म्हणाले, "आता गंमत बघून जा."

ड्राइव्ह नव्या खोक्यात बसले. निळा दिवा लागला. कुठूनतरी टिक, टिक असा आवाज आला आणि थांबला. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रश्न उमटला: एक नवीन ड्राइव्ह सापडला आहे. वापरासाठी तयार करायचा का? त्यावरील सर्व माहिती पुसली जाईल.

काकांचं बोट हवेत थांबलं.

"काय विचारतंय?" सेक्रेटरी पुढे वाकले.

दुसरा कुणी हजर नसता तर काकांनी तो मजकूर तीनदा वाचला असता, माहितीपुस्तक काढलं असतं, चष्मा बदलला असता. पण ज्या माणसाला आपण लिफ्टमध्ये वर्षानुवर्षं अक्कल शिकवली, त्याच्यासमोर अडखळणं शक्य नव्हतं. आणि आरसा आहेच की. एक पुसला तरी खोकं दुसऱ्यावरून भरून घेईल.

"औपचारिकता असते," काका म्हणाले, आणि 'हो' दाबलं.

खोक्याने ती औपचारिकता फार मन लावून पार पाडली. पाहुणे गेल्यावर काकांनी यादी उघडली. खोक्यात एकच ड्राइव्ह दिसत होता. तो धाकटा होता आणि कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ होता. थोरला खोक्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. काकांनी कान लावला. टिक, टिक. मग काही नाही.

त्यांनी कॉम्प्युटरला जोडणारी वायर बदलली, खण बदलला, खोकं बंद करून चालू केलं, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसली आणि परत बसवली. दर वेळी थोरला दोनदा टिकटिक करून गप्प होई, रुसलेल्या पाहुण्यासारखा. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का हो हलवून?" काका म्हणाले, "होत आलंय." हे पूर्ण खोटं नव्हतं.

बुधवारी त्यांनी डॉक्टरांना विश्वासात घेतलं. डॉक्टरांनी थोरला कानाशी धरला, तोंड वाकडं केलं, आणि ज्या आवाजात ते अक्कलदाढ काढायची बातमी देत त्याच आवाजात म्हणाले, "आत काहीतरी हललंय. उघडून बघू का? माझ्याकडे बारीक हत्यारं आहेत."

"नको," काकांनी ड्राइव्ह छातीशी धरला.

"भूल देऊन?" डॉक्टर म्हणाले. त्यांना विनोद करायची सवय होती, कारण त्यांच्या खुर्चीतल्या माणसाला उलट बोलता येत नसे.

मग काकांनी मेहुण्याला फोन केला. मेहुणा सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे हार्डवेअरवर बोलायला त्याला कसलाच संकोच नव्हता. "माझ्या एका मित्राचा ड्राइव्ह बंद पडलाय," काका म्हणाले.

"फ्रीझरमध्ये ठेवायला सांगा, भाऊजी. गारठला की आकसतो, आणि अडकलेलं सुटतं. एक दिवस ठेवायचा."

"सांगतो त्याला."

"आणि म्हणावं बॅकअप ठेवत जा. तुमचा मित्र असून काहीच शिकला नाही वाटतं तुमच्याकडून?"

काकांनी फोन ठेवला. नंतर थोरल्याला प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून त्यांनी फ्रीझरमध्ये मटारांच्या मागे झोपवलं. गुरुवारी गारठलेला थोरला खोक्यात घातला. त्याने थंडपणे दोनदा टिकटिक केली.

मग ते ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. खिडकीमागची बाई फार सौजन्यशील होती. "जमा करा साहेब. तुम्हाला नवा मिळेल."

"आणि आतलं?"

"आतलं म्हणजे?"

"आतली माहिती."

"नवा ड्राइव्ह रिकामाच येतो साहेब. भरलेला कोण देणार?" तिने माहिती काढून देणारा विभाग वरच्या मजल्यावर असल्याचं सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या माणसाने सांगितलं, की ड्राइव्ह निकामी असल्याचा शेरा खालून आणा. खाली आले तर बाई म्हणाली, निकामीचा शेरा मारला की ड्राइव्ह कंपनीचा होतो, मग तो तुम्हाला वर नेता येत नाही. काका पुन्हा वर गेले. वरचा म्हणाला, ते बरोबरच आहे. या दोन मजल्यांमधल्या जिन्यात काकांना आपल्या विमा कंपनीची फार आठवण आली. तिथे लोक असे जिने चढायचे तेव्हा ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला होते.

निघताना बाईने सहज विचारलं, "बॅकअप नव्हता का, साहेब?"

"होता," काका म्हणाले.

"मग कुठाय?"

काकांनी हातातल्या ड्राइव्हकडे बोट दाखवलं. "हाच."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन काकांनी थोरल्याला पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवलं. एक दिवस पुरला नसेल, असा विचार केला. शुक्रवारी सकाळी काकूंनी मटार काढायला हात घातला.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "मटारांत हा कोण?"

काका दारात जाऊन उभे राहिले. काकूंच्या हातात दोन पिशव्यांमधला थोरला होता. काकांनी सगळं सांगितलं. मित्राची गोष्ट सांगायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण काकू त्यांच्या सगळ्या मित्रांना ओळखत होत्या, आणि त्यांतल्या एकाकडेही ड्राइव्ह नव्हता.

"म्हणजे बाबांची फिल्म..."

"धाकटा रिकामा झालाय. आणि थोरला..." काकांनी पिशव्यांकडे बघितलं. "थोरला गार आहे."

काकू स्टुलावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर काकांनी स्वतःची बाजू मांडली असती. बाजू तयार होती, मुद्देही काढून ठेवले होते. पण त्या ओरडल्या नाहीत.

"मी म्हणत होते कॅसेट राहू द्या," त्या म्हणाल्या. "आणि माहितेय का, आईने ही फिल्म का मागितली? मागच्या आठवड्यात फोनवर मला म्हणाली, 'अगं, ह्यांचा चेहरा आठवतो, पण आवाज आठवेनासा झालाय.' रडत होती. तुम्हाला मुद्दामच नाही सांगितलं. म्हटलं, रविवारी ऐकेलच."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा दोन-दोन छत्र्यांची लाज वाटली.

"जुन्या खोक्यात चालत होता ना हा?" काकूंनी डोळे पुसले. "मग जुन्या खोक्यात घालून बघा."

हे काकांना सुचलं नव्हतं असं नाही. मंगळवारीच सुचलं होतं. पण जुनं खोकं कमिटीच्या ऑफिसात होतं, आणि तिथे जायचं म्हणजे सेक्रेटरींना सांगायचं. त्यापेक्षा त्यांनी ड्राइव्ह मटारांत ठेवणं पत्करलं होतं.

त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक होती. काका टॉवेलमध्ये गुंडाळलेला थोरला घेऊन हजर झाले.

"दान परत मागताय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"परत नाही हो. थोडा वेळ वापरायचंय. तिथल्या तिथे."

"तशी तरतूद नाही. कमिटीची वस्तू सभासदाला वापरायला देणं म्हणजे ती भाड्याने देण्यासारखं आहे. कारण काय दाखवायचं?"

काकांनी घसा खाकरला. "माझ्याकडचं थोडं चित्रण त्यावर बघायचंय."

"ते तुमच्या नव्या खोक्यावर दिसत नाही?"

"नाही."

"आणि दुसरी प्रत?"

खोलीतल्या प्रत्येक माणसाने लिफ्टमध्ये कधी ना कधी या प्रश्नाला उत्तर दिलेलं होतं. कोपऱ्यातले डॉक्टर तर खुर्ची पुढे ओढून बसले.

"दुसरी प्रत," काका म्हणाले, "माझ्या हातून पुसली गेली."

"जरा मोठ्याने बोलता का? इतिवृत्तात घ्यायचंय."

काकांनी मोठ्याने सांगितलं. सेक्रेटरींनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: "सदर सभासदांकडे दुसरी प्रत उपलब्ध नव्हती." परवानगी एकमताने मिळाली. एवढं एकमत त्या कमिटीत पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावरही झालं नव्हतं.

"पण," सेक्रेटरी म्हणाले, "खोकं लोखंडी कपाटात पक्कं बसवलंय. चोरी होऊ नये म्हणून. किल्ली खजिनदारांकडे, आणि ते गावाला गेलेत. रविवारी सकाळी येतील."

"दुसरी किल्ली?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या. नवी साडी, केसांत फूल, हातात पर्स. सोफ्यावर बसताक्षणी त्यांनी टीव्हीकडे बघितलं. "जावईबापू, तयारी झाली का?"

"आलोच," म्हणून काका टॉवेल घेऊन जिन्याने पळाले. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यात उरला नव्हता.

खजिनदारांनी प्रवासाच्या कपड्यांतच कपाट उघडलं. जुन्या खोक्यात फाटकाच्या चित्रणाचा एक ड्राइव्ह होता, शेजारचा खण रिकामा होता. काकांनी थोरल्याला आत सरकवलं. सेक्रेटरी, डॉक्टर आणि मागोमाग आलेल्या काकू, सगळे वाकले. काकांनी कळ दाबली.

टिक, टिक नाही. थोरल्याने घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि तो आपल्या जुन्या, जाड्या आवाजात घुमायला लागला. काकूंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मग काकांची नजर जमिनीवरच्या काळ्या ठोकळ्यावर गेली. त्यावर नव्या खोक्याच्या कंपनीचं चकचकीत लेबल होतं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. नव्या खोक्याचा ताकदवान ठोकळा दानात गेला होता, आणि जुना अशक्त ठोकळा त्यांनी घरी नव्या खोक्याला लावला होता. त्यातली बरीचशी वीज ते वेगवान नवं खोकंच खाऊन टाकी; उरलेल्या जोरावर सडपातळ धाकटा कसाबसा उठला. जाडजूड थोरला उठू शकला नाही. त्याला ना दुखणं होतं ना खुपणं. आठवडाभर तो नुसता उपाशी होता.

"म्हणजे नेमका बिघाड काय होता?" सेक्रेटरींनी वही उघडली.

"विद्युतपुरवठ्यात असंतुलन..." काकांनी सुरुवात केली.

"वायरींची अदलाबदल केली यांनी," काकू म्हणाल्या. "तसंच लिहा."

काकांनी थोरल्याला काढण्यासाठी हात पुढे केला. वर टीव्हीवर लावू, सासूबाई वाट बघतायत, असं ते म्हणत होते.

"हात लावू नका," काकू म्हणाल्या. असा आवाज काकांनी त्यांच्या लग्नापासून ऐकला नव्हता. "चालतंय तिथेच चालू दे. आईला मी खाली आणते. आणि मी येईपर्यंत त्या फिल्मच्या प्रती करा. दादाला पाठवा. डॉक्टरांना द्या. सेक्रेटरींना द्या. मागेल त्याला द्या."

काकांनी मुकाट्याने प्रती केल्या. शिस्त गावभर पसरली. डॉक्टर म्हणाले, "माझ्या दवाखान्यात एक्स-रेंच्या शेजारी ठेवतो," आणि काकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

सासूबाई कमिटीच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांना प्लास्टिकची सर्वांत कमी डुगडुगणारी खुर्ची देण्यात आली. भिंतीवरच्या पडद्यावर फाटक दिसत होतं आणि फाटकातून एक मांजर आत येत होतं. "हे काय?" त्या म्हणाल्या. "वर टीव्ही नाही का?"

"आई, सांगते नंतर," काकू म्हणाल्या.

काकांनी कळ दाबली. मांजर गेलं. पडद्यावर एक रिकामी खोली आली, अर्ध्या उघडलेल्या पेट्या, उघडी खिडकी, आणि पेटीतून भांडी काढणारी एक तरुण बाई. चित्र हलत होतं, कारण कॅमेरा धरणाऱ्याला सवय नव्हती. आवाज मात्र स्वच्छ होता.

"अगं, भांडी ठेव बाजूला. इकडे बघ."

सासूबाईंची पर्स मांडीवरून खाली घसरली. ती कुणी उचलली नाही.

"काय बघू?" पडद्यावरची बाई लाजत होती. "माझे हात घाण आहेत."

"हातांचा नाही काढत फोटो. तिथे अंधार आहे, तोंड दिसत नाहीये तुझं. खिडकीकडे सरक जरा. सरक म्हणतो ना."

पडद्यावरची तरुण बाई उठायच्या आत ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. सासूबाई खुर्चीसकट, दोन्ही हातांनी जोर लावून, ऑफिसच्या खिडकीकडे सरकल्या. मग त्यांनी पदर सारखा केला, चेहरा उजेडात धरला आणि पडद्याकडे बघत थांबल्या.

"हं," आवाज म्हणाला. "आता दिसतेस."